पीएचपीत न बदलणारे आकडे: कॉन्स्ट घ्यावा की डिफाइन?

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या अडत दुकानासाठी पीएचपीत (वेबसाइटी चालवणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत) हिशोबपट्टी लिहायला बसलात, की पहिल्याच फाइलमध्ये हा प्रश्न येतो. एक क्विंटल म्हणजे १०० किलो. न बदलणाऱ्या अशा किमतीला नाव देण्याचे पीएचपीत दोन मार्ग आहेत; हे कॉन्स्टने लिहायचं की डिफाइनने? दोन्ही चालतात. आमचं मत: आधी कॉन्स्ट, आणि तो अडेल तिथेच डिफाइन.

कॉन्स्ट हा भाषेचा शब्द, डिफाइन हे फंक्शन. बाकीचे फरक यातूनच निघतात. कॉन्स्ट इफ, लूप किंवा फंक्शनच्या आत लिहिता येत नाही. लिहिलात तर फाइल चालायच्या आधीच सिंटॅक्स एरर येते. किंमतही साधी लागते: आकडा, स्ट्रिंग (मजकूर), पीएचपी ५.६ पासून आकडेमोड आणि ॲरेही (यादी). तिथे गेटएन्व्ह (मशीनच्या सेटिंगमधून किंमत वाचणारं फंक्शन) बोलावलं की फेटल एरर, म्हणजे काम तिथेच बंद. डिफाइनला ही बंधनं नाहीत. डेटाबेसचा पत्ता दुकानातल्या मशीनवर एक आणि सर्व्हरवर दुसरा असेल, तर तिथे डिफाइनच हवा, आणि ते नाव आधीच ठरलं आहे का, याची त्याआधी डिफाइन्डने तपासणी. तेच नाव पुन्हा डिफाइन केलं तर फक्त वॉर्निंग येते, किंमत जुनीच राहते.

नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या गटात, सर्वात जास्त घोळ होतो. नेमस्पेस असलेल्या फाइलमधला कॉन्स्ट त्या नेमस्पेसचा होतो. डिफाइनला नुसतं नाव दिलं तर ते ग्लोबल राहतं आणि कुठूनही सापडतं. त्यामुळे चालू फाइलला नंतर नेमस्पेस लावला, की बाहेरच्या फाइलींना तो कॉन्स्ट दिसेनासा होतो. तिथे यूज कॉन्स्टची ओळ घाला.

दुसरा गैरसमज, कॉन्स्टला ‘कंपाइल टाइम’ (फाइल चालायच्या आधीच ठरणारा) म्हणतात, त्या नावामुळे होतो. फंक्शन फाइलच्या तळाशी असलं तरी वरून बोलावता येतं. क्लासबाहेरच्या कॉन्स्टचं तसं नाही. ती ओळ चालून गेल्यावरच नाव मिळतं. शिवाय ऑटोलोड (लागेल तेव्हा फाइल आपोआप आणण्याची सोय) सुट्या कॉन्स्टसाठी काम करत नाही, फाइल स्वतः इन्क्लूड करावी लागते. म्हणून आकडे चार-पाचपेक्षा जास्त झाले, की क्लासमध्ये ठेवा. क्लास ऑटोलोड होतो, ७.१ पासून कॉन्स्ट प्रायव्हेट (फक्त त्या क्लासपुरता) करता येतो आणि ८.३ पासून त्याला टाइपही देता येतो.

नाव लिहिताना चूक झाली तर काय होतं, ते आवृत्तीवर अवलंबून आहे. २३.४० क्विंटलचे किलो काढायचे आहेत, उत्तर २३४० यायला हवं. पण गुणाकारात नावाचं एक अक्षर चुकलं. पीएचपी ७ त्या नावालाच स्ट्रिंग समजतं, वॉर्निंग देतं आणि उत्तर शून्य काढतं. वॉर्निंग दाखवणं बंद असेल तर पट्टीवर शून्य किलो छापून जातं. पीएचपी ८ तिथेच थांबतं आणि एरर देतं. जुन्या सर्व्हरवरचं काम असेल तर आधी आवृत्ती बघा.

नावं देवनागरीत ठेवता येतात, पीएचपीला चालतात. पण ‘ऱ’ दोन प्रकारे टाइप होतो: एकाच कोडचा, किंवा र आणि नुक्ता मिळून. दिसायला सारखीच ‘व्यापाऱ्याची_हमाली’ पीएचपीला दोन वेगळी नावं वाटतात. असं नाव टाळलेलं बरं.

आणि हमाली, तोलाई, अडत यांचे दर? यांतलं काहीही कॉन्स्ट किंवा डिफाइनमध्ये नको. २०१६ मध्ये अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. नुसता दरच नाही, तो कोणी द्यायचा हेही बदललं. असे आकडे डेटाबेसच्या टेबलात ‘या तारखेपासून’ अशा रकान्यासह ठेवा, म्हणजे जुनी पट्टी पुन्हा छापली तरी जुन्याच दराने निघेल.

फाइलमधला आकडा बदलूनही जुनाच दिसत असेल, तर ओपीकॅशमध्ये (तयार केलेला कोड साठवून ठेवणारी पीएचपीची सोय) व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स, म्हणजे फाइल बदलली का हे तपासणारं सेटिंग, बंद आहे का ते बघा. बंद असेल तर पीएचपी-एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारा प्रोग्रॅम) रीलोड करेपर्यंत नवी फाइल वाचलीच जात नाही.