स्प्रेच्या डब्यांनी रंगवलेली चेतक: दहा महिने आणि एका पावसाळ्यानंतर

जानेवारीच्या शेवटी आमची १९९७ सालची बजाज चेतक मी घरच्या घरी स्प्रेच्या डब्यांनी रंगवली. आता नोव्हेंबर चालू आहे. मधे उन्हाळा झाला, पावसाळा झाला, दसऱ्याला झेंडूचा हारही घालून झाला. रंगवल्या दिवशीचे फोटो सगळ्यांचेच छान येतात, म्हणून लिहायला मुद्दाम इतका वेळ घेतला.

आधी निकाल सांगतो. दोन्ही बाजूंच्या डिक्क्या झकास आहेत. लेगशील्ड, म्हणजे पायांपुढचा पत्रा, पास. सीटखालचा भाग नापास, तोही माझ्याच अकलेने. फूटबोर्डबद्दल न बोललेलं बरं, पण बोलणार आहे.

रंग मरूनच ठेवला. मुलाला पिस्ता हवा होता. पण आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, बदलला तर आरटीओकडे अर्ज करून नोंद करून घ्यावी लागते. गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतंच. आमचं २०२७ मध्ये आहे. त्यात आणखी एक कागद कशाला वाढवा?

खरं तर पहिला प्रयत्न गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातला, गणपती गेल्यावर लगेच. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं, म्हटलं एक डिक्की करून बघू. रंग छान बसला. वर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक चकचकीत थराचा, हात मारला आणि पाच मिनिटांत सगळी डिक्की दुधी झाली, आरशावर वाफ धरावी तशी. स्प्रेतलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पत्रा गार पडतो, आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसून आत अडकतं. आम्ही दादरला राहतो, समुद्र दहा मिनिटांवर. आपल्याकडे सप्टेंबरात ऊन पडलं म्हणजे हवा कोरडी झाली असं नसतं. तो सगळा थर घासून काढला आणि थेट जानेवारीची वाट पाहिली. मुंबईत हे काम करायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दोन. बाकीच्या महिन्यांत डबे कपाटात बरे.

घासण्याचं काम चार रविवार चाललं. नागदेवी स्ट्रीटवरून पॉलिश पेपर, वॉटर पेपर, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), मास्किंग टेप असं सगळं आणलं. ८० नंबरपासून सुरुवात करून १२०, २२०, मग प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या अस्तरावर, ४०० पाण्यात भिजवून. डिक्कीच्या मरूनखाली एक निळा थर निघाला, त्याखाली पुन्हा मरून. तो निळा बाबांनी कधीतरी ब्रशने मारलेला ऑइलपेंट. आणि त्यानेच घात केला. एका कोपऱ्यात तो अर्धवट राहिला होता, त्यावर प्रायमर पडताच दुधावरची साय गोळा व्हावी तशा सुरकुत्या आल्या. नंतर एका पेंटरने साधी युक्ती सांगितली: चिंधी थिनरमध्ये बुडवून जुन्या रंगावर मिनिटभर दाबून धरायची. रंग फुगला किंवा चिंधीला लागला, तर त्यावर स्प्रे मारू नका, पत्र्यापर्यंत खरवडा. ही युक्ती आधी कळली असती तर एक रविवार वाचला असता.

आमच्याकडे लिफ्ट नाही, त्यामुळे सुटे भाग गच्चीवर आणि धड खाली पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या पडद्याआड. पुढचं मडगार्ड काढलंच नाही. ते काढायचं तर हँडल उतरवून फोर्क खाली सोडावा लागतो, तेवढी हिंमत नव्हती. टेप लावून तिथेच रंगवलं आणि चाकामागच्या कडेला ते दिसतंही. खाली दुसरा त्रास धुळीचा. गल्लीत दोन इमारतींचं पाडकाम चालू आहे. पार्किंगची फरशी आधी पाण्याने ओली केली, तरी लेगशील्डवर बारीक कण बसलेच. नखाने हळूच फिरवलं तर रव्यासारखे लागतात.

गच्चीवर धूळ कमी, पण वारा. पाण्याच्या टाकीचं झाकण ताडपत्रीने बांधलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात: "अरे, आमच्या चादरीला गुलाबी शिंतोडे कसले?" नवीन चादर घेऊन दिली. खर्चाच्या हिशेबात ती धरलेली नाही.

मारण्याची पद्धत थोडक्यात: डबा आतली गोळी सुटल्यावरही दोन मिनिटं हलवायचा, पत्र्यापासून वीतभर लांब धरायचा, हात पत्र्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे. घाई केली की ओघळ. आणि मारता मारता डबा गार पडतो, दाब उतरतो, थेंब थुंकायला लागतो. तेव्हा तो कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा. कोमट म्हणजे कोमटच, गॅसजवळ नेऊ नका.

आता मुख्य गोष्ट, क्लिअर. डब्यात ते दोन प्रकारचं मिळतं. साधं, वन-के, नुसतं हवेवर वाळतं. वाळलं तरी थिनर-पेट्रोल लागलं की पुन्हा विरघळतं. दुसरं टू-के, ज्यात हार्डनर डब्यातच वेगळा असतो. बुडाची पिन दाबून तो फोडायचा, मग रसायनं एकमेकांत मिसळून कायमची घट्ट होतात. फोडलेला डबा माझ्या बाबतीत दोन दिवसांत संपवायचा होता. साधा डबा ३०० रुपयांना, टू-केचा १,४५०. मी टू-केचा एकच आणला. आणि तो कुठे मारला? डिक्क्यांवर, कारण त्या दिसतात. सीटखाली, टाकीच्या तोंडाभोवती, साधं क्लिअर. तिथे कोण बघतंय!

पेट्रोल बघतं. चेतकची सीट उचलून टाकी भरतात. मार्चमध्ये पंपावर नोझल बाहेर काढताना चार थेंब कडेवर पडले आणि मागच्या दिव्याच्या दिशेने ओघळले. मी सवयीने फडक्याने पुसलं, फडकं मरून झालं. त्या दिवसापासून टाकी भरताना आधी फडकं गुंडाळतो, पंपावरचा मुलगा हसतो. तरी जूनपर्यंत टाकीभोवती तळहाताएवढा रंग गेला. डिक्कीवरही एकदा पेट्रोल सांडलं, तिथे डागसुद्धा नाही. कबुतरांच्या विष्ठेचंही तेच: टू-केवरून धुऊन जाते, हँडलच्या डोक्यावर साध्या क्लिअरवर तिचे फिकट नकाशे कायमचे उमटलेत. थोडक्यात, माझा एकमेव चांगला डबा मी चुकीच्या जागी उडवला.

टू-के घेणार असाल तर त्यातल्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक असते, हे आधी लक्षात घ्या. कोविडच्या वेळचे कापडी मास्क चालत नाहीत. फिल्टरची डबी लावलेला मास्क, चष्मा, हातमोजे, आणि उघडी जागा. बंद गॅलरीत तर अजिबात नको. घरात दम्याचा पेशंट असेल तर हा नाद सोडा.

फूटबोर्ड. त्यावरच्या रबरी पट्ट्या मी काढल्या नाहीत, कडेने टेप मारून रंगवलं. पट्ट्यांखाली वर्षानुवर्षं पाणी साचतं, गंज तिथेच होता आणि रंगाखाली तसाच राहिला. जुलैत पट्टीच्या कडेला पुरीसारखे फुगे आले. टोचलं तर तपकिरी पाणी. आता पट्ट्या काढल्यात, खाली एक भोक निघालंय. तिथे वेल्डिंगच करावं लागणार, रंगाचा काही संबंध राहिला नाही.

खर्च सामानाचा ६,७०० रुपये, मास्क धरून. गॅरेजवाल्याने ११,००० सांगितले होते, डेंटिंग वेगळं. माझे रविवार मोजले तर बचत शून्य. तो गॅरेजवाला परवा गाडी बघून म्हणाला, "डिक्की कंपनीची वाटते, बाकी तुम्ही केलंय का?"

पुन्हा केलं तर डिक्क्या, हेडलाइटची रिंग, असे सुटे भाग घरीच करीन. धड कॉम्प्रेसरवाल्याकडे. ते आता द्यायचंच आहे, वेल्डिंगनंतर.

दसऱ्याला आईने मडगार्डवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, त्याचा डाग राहिलाय की नाही कळत नाही, मरूनात मरून. उरलेल्या अर्ध्या डब्याने गॅस सिलिंडरची ट्रॉली रंगवली, एका दुपारी, न घासता, वर्तमानपत्रावर ठेवून. तिच्यावर एक ओघळ नाही.