डिझेल टाकीची सफाई : मालिम जेटीवर घेतलेल्या एका सेवेचा अनुभव

1 जून ते 31 जुलै हे मासेमारीबंदीचे 61 दिवस म्हणजे आम्हां ट्रॉलरमालकांना डागडुजीसाठी मिळणारा एकमेव सलग काळ. यंदा त्यांतले तीन दिवस मी डिझेलच्या टाकीला दिले आणि गोव्यातल्या मालिम जेटीवर येऊन टाक्या साफ करून देणाऱ्या एका सेवेला बोलावले.

गेल्या हंगामात फिल्टर सारखा तुंबत होता आणि टाकीच्या तळाला टाचणीएवढे छिद्र पडले होते. त्याआधी एका वर्कशॉपने तळाचा तुकडा बदलून बाहेरून रंग लावून दिला होता. नवे छिद्र त्याच्या शेजारीच पडले. आम्ही खाऱ्या हवेला बोल लावत राहिलो, पण गंज आतून येत होता.

कामगाराने ड्रेन कॉक, म्हणजे टाकीच्या तळाची तोटी, उघडून काचेची बरणी भरली. वर डिझेल, खाली गढूळ पाणी आणि मधोमध भिजलेल्या कागदासारखा तपकिरी, चिकट पापुद्रा. ही बुरशी, ती पाण्यात राहून डिझेलवर जगते आणि तिने सोडलेली आम्ले पत्रा खातात. तिच्याखाली, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे सल्फेटवर जगणारे जीवाणू वाढतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते, त्यामुळे खारे पाणी टाकीत शिरले की त्यांची चंगळच. खरवडलेल्या काळ्या गाळावर आम्लाचा थेंब पडताच सडक्या अंड्यांचा असा वास सुटला की आमचा तांडेल, म्हणजे ट्रॉलरचा कप्तान, नाक दाबून मागे सरला. गाळाखाली वाटीसारखे चकचकीत खड्डे होते.

मला सर्वांत आवडला तो कामाचा क्रम. औषध आधी ओतले असते, तर चिकट थराआडचे जीवाणू वाचले असते आणि मेलेला गाळ पुन्हा फिल्टरमध्येच अडकला असता. त्यांनी डिझेल उपसून गाळले, आत उतरण्यापूर्वी पंख्याने हवा खेळवली, तळ घासून कोरडा केला आणि पत्र्याची जाडी यंत्राने मोजली. 6 मिलिमीटरचा पत्रा एका ठिकाणी 3.4 भरला, तेवढाच भाग बदलून तळाला इपॉक्सीचा संरक्षक लेप दिला. जीवाणूनाशक सर्वांत शेवटी.

नाराजीही नोंदवतो. दरमहा औषध घालण्याचा करार त्यांनी फार रेटला. पाणी वेळच्या वेळी काढले तर त्याची गरज नाही, असे माझे मत आहे, कारण पाण्यावाचून हे जीव वाढतच नाहीत. शिवाय घाण पाणी पिंपांत भरून न्यावे, मांडवीत सोडू नये, हे मला दोनदा बजावावे लागले. अहवालही फक्त इंग्रजीत, जो तांडेलाच्या काहीच उपयोगाचा नाही.

नारळी पौर्णिमेपासून तीन महिन्यांत फिल्टर एकदाच बदलला आहे. तांडेल दर शनिवारी ड्रेन कॉक उघडतो आणि बरणी उजेडात धरून पाहतो.