आबांनी फवारलेलं ‘शंभर टक्के सेंद्रिय’ औषध

वाळवा तालुक्यात परसात सफरचंद लागलंय म्हटलं की लोक अजून मुद्दाम बघायला येतात. आमच्याकडं चार झाडं आहेत. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी उष्ण हवेत तग धरणारी एचआरएमएन-९९ ही जात काढली, तिची रोपं आबांनी पाच वर्षांपूर्वी मागवली. यंदा फळ चांगलं धरलं होतं. एप्रिलमध्ये मात्र फांद्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसायला लागला.

त्याच आठवड्यात दोघेजण मोटारसायकलवरून आले. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. ‘शासनाच्या मोहिमेतून पाहणी करतोय’ म्हणाले. झाड बघितलं आणि एकानं सांगितलं, “काका, हा लोकरी मावा. उसावर आलेला तोच. महिन्याभरात झाड वाळणार.”

आमच्या भागात हे दोन शब्द ऐकले की माणूस हादरतो. २००२ साली सांगली जिल्ह्यातल्या उसावर लोकरी मावा पडला होता. चिकट, काळी पडलेली पानं आणि पांढरेफटक फड आबांनी डोळ्यांनी पाहिलेत. त्या भीतीवरच या लोकांनी बोट ठेवलं.

अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या, एकीचे १,४५० रुपये. शंभर टक्के सेंद्रिय, तीन फवारण्यांत गॅरंटी. पावती मागितली तर “बिल केलं की जीएसटी लागतो काका, तुम्हाला कशाला भुर्दंड?” पैसे एका खाजगी मोबाइल नंबरवर गेले. मी त्या दिवशी पुण्याला होतो. मी घरी असतो तरी कदाचित घेतल्याच असत्या, इतकं ते गोड बोलणं होतं असं आई सांगते.

सेंद्रिय आहे म्हणून आबांनी तोंडाला फडकंही बांधलं नाही. दुपारी वारा सुटला होता, अंगावर तुषार येत होते. तासाभरात मळमळ, दरदरून घाम, तोंडातून लाळ. शेजारच्या पोरांनी गाडीत घालून इस्लामपूरला नेलं. आबांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “बाटली आणलीय का?” आईनं पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती दोनदा फिरवून बघितली. वर हिरवं पान, ‘पिकांचे अमृत’ एवढंच. आत काय आहे, विषबाधा झाली तर उतारा काय, एक अक्षर नाही. झाकण उघडल्यावर लसणासारखा उग्र दर्प आला. लक्षणांवरून त्यांनी अशा विषबाधेवरचा उतारा म्हणून अॅट्रोपिन सुरू केलं आणि आबा वाचले. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीतून वीसहून अधिक माणसं गेली, ती बातमी मी तेव्हा वाचून सोडून दिली होती. ते तीन दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर बसून ती पुन्हा पुन्हा आठवत होती.

नंतर पंचायत समितीतले कृषी अधिकारी घरी आले. त्यांनी भिंगातून फांदी दाखवली. तो लोकरी मावा नव्हताच, पिठ्या ढेकूण होता. उसावरचा मावा सफरचंदावर येत नाही. सफरचंदाचा लोकरी मावा वेगळा असतो, आणि तो लागला की फांद्यांवर, मुळांवर गाठी येतात. आमच्या झाडाला एकही गाठ नव्हती. चार झाडांसाठी काम साधं होतं: भरलेल्या कोवळ्या फांद्या छाटून जाळायच्या, पाण्याचा जोराचा फवारा मारायचा, दमट हवेत व्हर्टिसिलियम ही कीड मारणारी बुरशी फवारायची आणि खोडावर चिकट पट्टी बांधून मुंगळे अडवायचे. ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंगळेच त्यांना राखतात. फांदीखाली ढालकिडे मरून पडले होते. ढेकूण खाणारे तेच, आणि आधी मेले तेच.

कीड मारतो असा दावा करणाऱ्या औषधाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, मग ते कडुनिंबाचं का असेना. बाटलीवर घटकाचं नाव, नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, मुदत, उतारा आणि विषारीपणा सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण हवाच. टॉनिक म्हणून आणून कीटकनाशक म्हणून विकत असतील तर दारातूनच परत पाठवा. किडीची शंका आली तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर मराठीत विचारता येतं, फोनला पैसे पडत नाहीत. आणि फवारलेल्या औषधाची बाटली घरातून लगेच टाकू नका.

आमच्याकडं एक बाटली सीलबंद उरली होती, ती तक्रारीबरोबर दिली. ज्या नंबरवर पैसे गेले तो बंद आहे.

घरी आल्यावर आबांनी पहिल्यांदा झाडांवरची सगळी फळं उतरवली. लिंबाएवढी झाली होती, गालावर लाली धरायला लागली होती. नातवंडं तोडून खातील, गाय तोंड घालेल, म्हणून बांधाकडेला हातभर खड्डा काढला, एकेक करून आत ठेवली आणि स्वतःच्या हातानं माती ओढली.