लकडगंजातून घेतलेला जुना आणि नवा साग: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

घराच्या दुरुस्तीसाठी गेल्या दिवाळीनंतर आम्ही नागपूरच्या लकडगंजातील एका टिंबर यार्डातून जुना आणि नवा असा दोन्ही प्रकारचा साग घेतला, महाल भागातील आमच्या पडक्या घराचे काही लाकूड त्याच यार्डाला विकले आणि चिराई व रंधाकामही तेथील आऱ्यावरच करून घेतले. दारे-खिडक्या होळीपूर्वी बसल्या. त्यानंतरचा मे महिना आणि पावसाळा त्यांनी सोसला असल्यामुळे आता या मालाविषयी आणि व्यवहाराविषयी नीट लिहिता येईल. यार्डाचे नाव देत नाही, कारण काही तक्रारी आहेत.

मुख्य मुद्दा आधीच मांडतो. येथे नवे गिऱ्हाईक भावावर घासाघीस करत बसते आणि व्यवहार मात्र मापावर ठरतो. एकाच आवारात गोल ओंडका एका रीतीने मोजला जातो, चिरलेला माल दुसऱ्या रीतीने आणि आपण विकायला नेलेले लाकूड तिसऱ्या रीतीने. या तिन्ही रीती समजून घेतल्याशिवाय घनफुटाचा भाव ऐकून काहीही कळत नाही.

गोल ओंडक्याचे माप असे: मधोमध गोलाई दोरीने घ्यायची, तिचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ४८ इंच गोलाईचा १० फुटी ओंडका या हिशेबाने १० घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असते. विक्रेता हा फरक आपल्यावर केलेल्या उपकारासारखा सांगतो, परंतु ओंडका चौरस करताना निघणाऱ्या पाठी, साल आणि भुसा यांत तो सगळा जातो आणि बहुधा त्याहूनही अधिक जातो. ओंडका वाकडा असेल किंवा गाभ्यात पोकळी असेल, तर हाती येणारा माल १० घनफुटांच्याही बराच खाली उतरतो. दोन-चार दारांचे काम असणाऱ्याने ओंडका घेऊ नये, चिरलेला मालच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

चिरलेल्या मालाचे गणित सोपे आहे: लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचे. अडचण येते ती जुन्या लाकडात. वाड्यातून निघालेले ८ इंच बाय ६ इंचांचे १० फुटी मयाल (छपराची तुळई) घेतले, तर ते ३.३३ घनफूट भरते. आता एका टोकाचा खाचेचा, कुजका फूटभर भाग कापावा लागतो, आणि चारही अंगांनी धुराने काळवंडलेला, खिळ्यांनी भरलेला अर्धा-अर्धा इंच थर काढावा लागतो. उरते ते ९ फूट बाय ७ इंच बाय ५ इंच, म्हणजे २.१९ घनफूट. समजा भाव २,००० रुपये घनफूट ठरला असेल, तर हाती आलेले स्वच्छ लाकूड घनफुटाला ३,०४८ रुपयांना पडले, आणि चिराई अजून व्हायचीच आहे. पुढे ५ इंच जाडीतून एक-एक इंचाच्या फळ्या काढायच्या म्हटल्या, तर प्रत्येक चिरेत सूतभर (इंचाचा आठवा हिस्सा) लाकूड भुशात जाते. चार फळ्या निघतात आणि पाचवी अर्ध्या इंचाची चीप उरते. म्हणून जुना साग नव्याच्या दोन-तृतीयांश भावात मिळतो तेव्हा तो स्वस्त पडतो असे नव्हे, साधारण बरोबरीत येतो. आम्ही तो घेतला ते पैसे वाचवण्यासाठी नव्हे. पन्नास-साठ वर्षे छताखाली वाळलेल्या, गाभ्याच्या लाकडासाठी ते पैसे देणे योग्य वाटले.

या यार्डाची एक गोष्ट मला फार आवडली. जुन्या मालाचा ढीग त्यांनी उघडा ठेवलेला आहे आणि गिऱ्हाइकाला तुकडा उलटून पाहू देतात. साग कोणता, ऐन कोणता, बीजा कोणता, हे धुरकटलेल्या मयालावरून ओळखता येत नाही. तेथील मिस्त्रीने आम्ही विचारण्याआधीच प्रत्येक नगाचा एक कोपरा रंध्याने सोलून दाखवला. सागाचा सोनेरी तपकिरी रंग, त्यातल्या काळसर रेघा आणि कातड्यासारखा वास लगेच ओळखू येतो. एका नगाच्या कडेला पांढरट कच्चा भाग होता व त्यात घुणाची बारीक भोके दिसत होती. तो नग त्याने स्वतःच बाजूला सारला.

विक्रीचा अनुभव मात्र कडवट आहे. महालातील घराचे कवेलूचे छप्पर उतरवल्यावर मयाली, फाटे (वासे) आणि दोन जोड दारे निघाली. यार्डाचे मालक आधी सगळे नगावर मागत होते. फाटे तर जळाऊ म्हणून क्विंटलच्या भावाने न्यायची त्यांची तयारी होती. घनफुटावर आल्यानंतर त्यांच्या माणसाने प्रत्येक मयालीचा फक्त दोन खाचांमधला सलग भाग मोजला, त्यातूनही खिळ्यांच्या नावाने इंचभर जाडी वजा केली आणि अपूर्णांक खालच्या बाजूला सोडले. वजावट मुळात चुकीची नव्हती, वर दाखवलेल्या हिशेबात मीही तीच केली आहे. पण त्याच आवारात, त्याच आठवड्यात, आम्हाला विकलेली मयाल टोकापासून टोकापर्यंत, खाचेसकट मोजून दिली होती. ही गोष्ट मी दाखवून दिली तेव्हा आमच्या मापात थोडी सुधारणा झाली, पूर्ण झाली नाही. जुनी दारे आम्ही विकली नाहीत, कारण कोरीव चौकटीचे दार फळ्यांच्या भावाने देण्यात काही अर्थ नव्हता.

आता आऱ्याविषयी. जुने लाकूड चिरायला बरेच आरावाले नाखूष असतात, आणि त्यांचे कारण खरे आहे. पट्टी आऱ्याच्या पात्याला आत मोडून राहिलेला एक खिळा लागला, तरी दात जातात. "खिळा लागला तं पात्याचे पैसे लागतीन, भाऊ," असे मिस्त्रीने आधीच बजावले. म्हणून आम्ही दोन दिवसांचे सुतारकाम केवळ खिळे उपटण्यासाठी लावले. डोके तुटलेला खिळा वरून दिसत नाही, पण लोखंडाभोवती सागावर निळसर काळा डाग पसरलेला असतो. डाग दिसेल तेथे छिन्नीने उकरले की खिळा सापडतो. चिराईच्या वेळी मिस्त्री लाकडावरून लोहचुंबक फिरवून पाहत असे, आणि संशय आला की मशीन थांबवत असे. पाते एकदाही गेले नाही. असा धीर असलेला माणूस आऱ्यावर असेल, तर चिराईचा दर थोडा जास्त पडला तरी द्यावा.

चीर कशी घ्यायची हेही आपण उभे राहून सांगावे. वर्षवलये फळीच्या जाडीत उभी येतील अशी चीर घेतली, तर माल कमी निघतो, पण फळी कमी हलते. सागाचे लाकूड ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते, तर गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने केवळ २.५ टक्के. दाराच्या रुंद दिल्ह्यांसाठी (पल्ल्यात बसणाऱ्या फळ्यांसाठी) आम्ही उभी चीर मागितली, चौकटीसाठी मागितली नाही. मालकांना हे पटले नाही, मिस्त्रीला पटले. रंध्यानंतर प्रत्येक अंगाला एक सूत कमी होते, हे धरूनच चिराईचे माप द्यावे. येथे अडीच बाय पाचची चौकट सांगितली, तर रंधा मारून हाती येणारी सव्वादोन बाय पावणेपाच असते आणि तोच या बाजाराचा रिवाज आहे.

रांगेविषयी थोडे. आम्हाला आऱ्यासाठी बरेच थांबावे लागले आणि घाई केल्याने काही झाले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन (वनसंरक्षण) प्रकरणातील आदेशापासून आरागिरण्यांच्या परवान्यांवर कडक नियंत्रण आहे, नवा आरा कोणी सहज टाकू शकत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्या वेळेनुसारच आपल्याला चालावे लागते. नवा साग घेताना आम्ही वनविभागाच्या हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक परवाना पाहायला मागितला. यार्डाने दोन्ही दाखवले आणि १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल दिले. २०२३ साली बल्लारशाहच्या लाकूड आगारातून अयोध्येच्या राममंदिरासाठी साग गेल्यापासून अनेक विक्रेते आपला सगळाच माल तिकडचा असल्याचे सांगतात. त्यापेक्षा कागद पाहणे बरे.

वापराचा निकाल असा. मुख्य दाराची चौकट आणि पल्ले जुन्या सागाचे आहेत, वरच्या मजल्याच्या खिडक्या नव्या सागाच्या आहेत. नवा माल "सिझनिंग केलेला" म्हणून विकला गेला होता, पण दोन पिनांच्या ओलावा मीटरवर तो १८ टक्के दाखवत होता. दारे-खिडक्यांसाठी १२ च्या आसपास हवा. तक्रार केल्यावर मालकांनी मीटरलाच दोष दिला. आम्ही ते लाकूड सावलीत पट्ट्या घालून रचून ठेवले, तरी मे महिन्यात एका खिडकीच्या दिल्ह्यांनी आकसून पॉलिश न लागलेली पांढरी रेघ दाखवलीच, आणि आषाढात दुसरी खिडकी खालून घासू लागली. मुख्य दार मात्र उन्हाळ्यात पिळले नाही.

"जुने लाकूड हलतच नाही" असे विक्रेते सांगतात. ते खरे नाही. हवेतला ओलावा जुने लाकूडही घेते. उन्हाळा आणि पावसाळा यांत लाकडाचा ओलावा आठ टक्क्यांनी बदलला, तर नऊ इंची साध्या चिरेच्या फळीची रुंदी सूतभराहून थोडी जास्त बदलते, मग ती नवी असो वा जुनी. जुन्या लाकडाचा फायदा एवढाच की त्याचे तडे आणि वाक आधीच येऊन गेलेले असतात आणि चिरण्याआधी दिसतात. आमच्या दाराला पावसाळ्यात कडी लावताना किंचित जोर लागत होता, रंधा मारावा लागला नाही. उरलेल्या जाड फळीची बंगई (झोपाळा) केली आहे. तिच्यावर रोज माणसे बसतात आणि ती सरळ आहे.

ज्यांना जुनी रंगवलेली दारे घ्यायची आहेत त्यांनी जपावे. घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यापूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये, जाळून काढू नये. आम्ही तो उघड्यावर, ओला करून, मुलांना दूर ठेवून खरवडला. यार्डातील पोरे मात्र तोंडाला फडकेही न बांधता सँडर चालवत होती आणि मालक शेजारीच उभे होते. हे मला आवडले नाही.

आयात केलेले पाइनही येथे मिळते. मांडण्यांसाठी घेतले, ठीक आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

मागच्या बाजूच्या दोन खिडक्या अजून बाकी आहेत. त्यांच्या चौकटी याच यार्डातील जुन्या सागाच्या करायच्या, पण माप खाचा सोडून घ्यायचे, हे मालकांकडून भाव बोलण्यापूर्वी कबूल करून घेतले आहे. दिल्ह्यांसाठीचा नवा साग आधीच आणून गच्चीखाली रचला आहे. मीटर सध्या १४ दाखवतो, तो १२ वर आला की सुताराला बोलावणार आहोत.