जपानचा भूकंप इशारा आणि त्यामागून येणारा तक्ता

भूकंपावर लक्ष ठेवण्याचे आणि त्याची माहिती लोकांपर्यंत पोहोचवण्याचे सरकारी काम जपानमध्ये हवामान विभागाकडे आहे. ही सेवा पूर्णपणे मोफत आहे आणि ती वापरण्यासाठी कुठे नावही नोंदवावे लागत नाही. जोराचे धक्के अपेक्षित असतील तर आधी फोन आणि दूरचित्रवाणीवर इशारा येतो. त्यानंतर साधारण दीड मिनिटाने कोणत्या भागात किती हादरे बसले याची पहिली यादी आणि तीन मिनिटांच्या आसपास त्सुनामीबाबतचा निर्णय जाहीर होतो. पुढे भूकंपाचे स्थान, खोली, मॅग्निट्यूड (म्हणजे भूकंपाचा एकूण आकार) आणि गावनिहाय नोंदी विभागाच्या संकेतस्थळावर येत राहतात. जगभर कौतुक होते ते पहिल्या टप्प्याचे, म्हणजे इशाऱ्याचे. या देशात राहून ही सेवा नित्य वापरणाऱ्याला मात्र त्यामागून येणारा रुक्ष तक्ता जास्त उपयोगी पडतो, असे माझे मत झाले आहे.

तरीही इशाऱ्यापासूनच सुरुवात करायला हवी. सर्वसामान्यांसाठी तो १ ऑक्टोबर २००७ पासून सुरू झाला. भूकंपाच्या केंद्रातून निघणाऱ्या प्राथमिक लहरी वेगवान पण सौम्य असतात, तर खरे नुकसान करणाऱ्या दुय्यम लहरी त्यांच्या मागून, बऱ्याच कमी वेगाने येतात. केंद्राजवळच्या यंत्रांनी पहिल्या लहरी टिपल्या की संगणक काही सेकंदांत भूकंपाचे स्थान आणि आकार यांचा अंदाज बांधतो, आणि ज्या भागांत जोराचे हादरे बसण्याची शक्यता असते तिथल्या फोनवर इशारा धाडला जातो. यात भाकीत नाही, कारण भूकंप तोवर झालेला असतो. मिळणारा अवधी दोन लहरींच्या वेगातील फरकाएवढाच असतो, आणि केंद्राच्या अगदी जवळ असलेल्यांना तोही मिळत नाही. त्यांच्याकडे धक्का आणि इशारा एकदमच येतात, किंवा इशारा मागाहून येतो. हा दोष सेवेचा नसून भौतिकशास्त्राचा आहे, आणि विभाग आपल्या माहितीपानांवर तो स्वच्छ शब्दांत सांगतो.

सेवेच्या स्वतःच्या चुकाही झालेल्या आहेत. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात पहिल्या लहरी टिपल्यापासून ८.६ सेकंदांत इशारा निघाला, आणि मियागी भागातील लोकांना धक्के तीव्र होण्याआधी थोडा का होईना अवधी मिळाला. परंतु शेकडो किलोमीटर लांबीचा भूस्तर फाटत चालला आहे हे त्या गणिताला उमगले नाही. हादऱ्यांचा अंदाज कमी निघाला आणि तोक्योसह कांतो भागाला इशारा गेलाच नाही. त्यानंतरच्या काळात एकाच वेळी दोन ठिकाणी झालेले छोटे भूकंप एकच मोठा भूकंप समजले गेल्याने विनाकारण इशारे निघाले. ८ ऑगस्ट २०१३ रोजी तर समुद्रतळावरील यंत्राच्या नोंदीतील गोंगाटामुळे ७.८ मॅग्निट्यूडचा भूकंप गृहीत धरून फार मोठ्या प्रदेशाला इशारा गेला, आणि प्रत्यक्षात कोणाला हादरा जाणवलाही नाही. विभागाने जाहीर माफी मागितली आणि चुकीचे कारणही प्रसिद्ध केले.

मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतर काय केले गेले हे. एकाच वेळी होणारे भूकंप वेगळे ओळखणारी पद्धत २०१६ च्या अखेरीस आली. मार्च २०१८ पासून केंद्र आणि मॅग्निट्यूड यांच्या अंदाजावर विसंबून न राहता आसपासच्या यंत्रांनी प्रत्यक्ष मोजलेल्या हादऱ्यांवरून पुढच्या गावाचा अंदाज करण्याची पद्धत जोडली गेली. या दुसऱ्या पद्धतीत अवधी कमी मिळतो, पण २०११ सारखी गफलत टळते. फेब्रुवारी २०२३ पासून उंच इमारतींना डोलवणाऱ्या संथ लहरींचाही इशाऱ्याच्या निकषांत समावेश झाला आहे. २०११ मध्ये केंद्रापासून सुमारे ७७० किलोमीटर दूर असलेल्या ओसाकातील एका पंचावन्न मजली सरकारी इमारतीचे वरचे मजले सुमारे दहा मिनिटे डोलत राहिले होते, आणि तिच्या पायथ्याशी मात्र मध्यम हादऱ्यांचीच नोंद होती. त्या अनुभवानंतर हा बदल यायला जवळपास बारा वर्षे लागली, हे मात्र खटकते.

आता तक्त्याकडे वळतो. भूकंपाच्या पानावर नकाशा उघडला की केंद्राच्या जागी एक फुली दिसते आणि सभोवती रंगीत चौकटींत आकडे दिसतात. निळ्या चौकटीत ३, फिकट पिवळ्यात ४, त्याहून वरचे पिवळे, नारिंगी, लाल, गडद लाल आणि सर्वांत शेवटी जांभळ्या चौकटीत ७. नकाशा मोठा करत गेले की आधी जिल्ह्याएवढ्या पट्ट्यांचे आकडे विरघळून गावांचे आकडे पुढे येतात. हे आकडे मॅग्निट्यूडचे नसतात, ते शिंदोचे असतात, म्हणजे त्या विशिष्ट जागी जमीन किती हादरली याचे. शिंदोच्या श्रेणी ० ते ७ अशा असून ५ आणि ६ यांचे खालचा व वरचा असे दोन भाग पाडलेले असल्याने एकूण दहा पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीचा अर्थ घरातल्या वस्तूंच्या भाषेत लिहिलेला आहे. ३ ला कपाटातली भांडी खडखडतात, ४ ला टांगलेले दिवे जोरात हलतात, खालच्या ५ ला माणसाला कशाचा तरी आधार धरावासा वाटतो, वरच्या ६ ला रांगल्याशिवाय हलता येत नाही.

मॅग्निट्यूडचा एकच आकडा किती दिशाभूल करतो हे या तक्त्यावरून चांगले कळते. ३० मे २०१५ रोजी ओगासावारा बेटांजवळ ८.१ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. तो ६८० किलोमीटरहून खोल असल्याने देशाच्या सर्व ४७ प्रांतांत हादरे नोंदले गेले, पण सर्वाधिक शिंदो वरचा ५ एवढाच होता. उलट ३ जुलै २०२५ रोजी तोकारा बेटांजवळ झालेला भूकंप केवळ ५.५ चा होता, तरी आकुसेकी या चिमुकल्या बेटावर खालचा ६ नोंदला गेला आणि अनेक रहिवाशांना बेट सोडून जावे लागले. पहिल्या भूकंपातून मोकळी होणारी ऊर्जा दुसऱ्याच्या हजारो पट होती. ज्याला आपल्या आईवडिलांची किंवा मित्राची खुशाली कळायला हवी आहे त्याला ऊर्जेशी काही देणेघेणे नसते, त्याला त्यांच्या गावापुढचा आकडा हवा असतो आणि तो इथे मिळतो.

हे आकडे पूर्वी माणसांच्या जाणिवेवरून ठरवले जात. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात शिंदो ७ चा निर्णय प्रत्यक्ष पाहणी करूनच द्यावा लागला, आणि तोवर मदतीच्या दृष्टीने मोलाचा वेळ निघून गेला होता. १९९६ पासून सगळे काम यंत्रांकडे गेले. आज सुमारे ४,४०० ठिकाणांच्या नोंदी या तक्त्यात येतात, आणि त्यांतली बहुतेक यंत्रे स्थानिक प्रशासनांची आहेत. नगरपालिकेच्या आवारात सिमेंटच्या ओट्यावर बसवलेली छोटी पेटी बहुतेक वेळा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. इथेच तक्त्याची मर्यादाही आहे. आकडा त्या ओट्याखालच्या जमिनीचा असतो. दोन किलोमीटरवर भरावाच्या मऊ जमिनीवर असलेल्या घरात एखादी पायरी जास्त हादरे बसू शकतात, आणि तक्ता वाचताना एवढी सूट मनाशी धरावी लागते.

या तक्त्यात सहसा नजरेतून सुटणारी एक ओळ असते, आणि माझ्या मते संपूर्ण सेवेतली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे. जिथे खालचा ५ किंवा त्याहून जास्त हादरे बसले असावेत असा अंदाज आहे, पण जिथून नोंद आलेलीच नाही, अशा ठिकाणांची नावे तिथे वेगळी दिली जातात. २३ ऑक्टोबर २००४ च्या निगाता भागातील भूकंपात कावागुची गावात शिंदो ७ नोंदला गेला होता, पण संपर्क तुटल्यामुळे ती नोंद बाहेर कळायला आठवडा गेला. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपाचे मॅग्निट्यूड ७.६ होते. त्या दिवशी शिका गावाचा ७ लगेच जाहीर झाला, मात्र वाजिमा शहरातल्या मोन्झेनचा ७ त्या महिन्याच्या उत्तरार्धात यादीत आला. जिथून काहीच येत नाही तिथेच बहुधा सर्वांत जास्त नुकसान झालेले असते. हे गृहीत धरून न आलेल्या आकड्यांचीही यादी देणारी व्यवस्था ज्याने आखली, त्याने आपत्ती जवळून पाहिली असणार. तक्रार एवढीच की ही ओळ मजकुरात खाली दडलेली असते. नकाशावर ती पहिल्या नजरेत डोळ्यांत भरायला हवी.

त्सुनामीच्या इशाऱ्याचा विचार २०११ वगळून करता येत नाही. त्या दिवशी भूकंपानंतर तीन मिनिटांनी विभागाने ७.९ मॅग्निट्यूड धरून मियागीसाठी सहा मीटर आणि इवाते व फुकुशिमासाठी तीन मीटर लाटांचा इशारा दिला. इशारा वेळेवर होता, आकडे मात्र फार कमी होते. दुपारी ३ वाजून १४ मिनिटांनी मियागीचा अंदाज दहा मीटरवर गेला, पण तोपर्यंत अनेक ठिकाणी वीज गेलेली असल्याने सुधारित आकडा सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही. तीन मीटर ऐकून समुद्राकाठच्या भिंतीच्या भरवशावर थांबलेल्या लोकांचा विचार केला की अपुरा आकडा आकडा नसण्यापेक्षा घातक कसा ठरतो ते कळते. मार्च २०१३ पासून अतिप्रचंड भूकंपात पहिला इशारा मीटरमध्ये दिला जात नाही. ‘प्रचंड’ आणि ‘उंच’ असे शब्दच वापरले जातात, आणि भूकंपाचा खरा आकार कळल्यावर आकडे येतात. आकड्यांवर जगणाऱ्या संस्थेने जाणूनबुजून आकडा मागे ठेवणे हे धाडसाचे काम होते आणि माझ्या मते ते योग्यच होते.

सेवेचा सर्वांत कच्चा भाग मला नानकाई खंदकाबाबतच्या, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडील समुद्रतळावरील ज्या पट्ट्यात महाभूकंपाची भीती आहे त्याबाबतच्या, विशेष सूचनेचा वाटतो. ८ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच पट्ट्याच्या पश्चिम टोकाकडील ह्यूगा समुद्रात ७.१ चा भूकंप झाल्यावर ‘महाभूकंपाबाबत सावधगिरी’ अशी सूचना पहिल्यांदाच निघाली आणि ती आठवडाभर लागू राहिली. विभागाचे म्हणणे होते की पुढील सात दिवसांत महाभूकंप होण्याची शक्यता नेहमीपेक्षा वाढून काही शे वेळांत एकदा एवढी झाली आहे. शास्त्रीयदृष्ट्या हे विधान प्रामाणिक आहे. परंतु सुट्टीच्या ऐन हंगामात सामान्य माणसाने त्याचे नेमके करायचे काय, हे सूचनेतून उलगडत नव्हते. समुद्रकिनारे काही ठिकाणी बंद झाले आणि काही ठिकाणी चालू राहिले, एका मार्गावर गाड्या सावकाश धावल्या तर दुसऱ्या मार्गावर नेहमीसारख्या. रोजचे व्यवहार चालू ठेवा आणि तयारी तपासा, असा सल्ला होता. तो चुकीचा नाही, पण हाच सल्ला वर्षभर लागू असतो. कमी शक्यतेची माहिती द्यावी की न द्यावी यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते, मात्र द्यायचीच असेल तर त्याबरोबर घरादाराला लागू पडणारी ठोस पावले हवीत. त्याच विभागाची दुसरी भूमिका मात्र मला पूर्ण पटते. दिवस, जागा आणि आकार नेमका सांगणारे भूकंपाचे भाकीत आजच्या विज्ञानाला शक्य नाही आणि तसे भाकीत करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असे तो बिनदिक्कत सांगतो. २०२५ च्या उन्हाळ्यात जुलैच्या एका ठरावीक तारखेची अफवा पसरली होती तेव्हाही हेच ठामपणे सांगितले गेले.

जपानी न येणाऱ्यांसाठी पंधरा भाषांतली पाने आहेत. त्यांत नेपाळी आहे, भारतीय भाषांपैकी दुसरी नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांना इंग्रजी पानांवरच भागवावे लागते. रोजच्या वापराला ती पुरेशी आहेत, कारण नकाशा आणि रंग तेच असतात. मात्र सविस्तर स्पष्टीकरणे, पत्रकार परिषदांतील तक्ते आणि जुन्या भूकंपांवरचे अहवाल यांसाठी जपानी पाने उघडून यंत्र-भाषांतराचा आधार घ्यावा लागतो. त्या जपानी पानांतच शिंदोच्या नोंदींचा शोध घेण्याची सोय आहे, आणि त्या नोंदी १९१९ पासूनच्या आहेत. जागा, कालखंड आणि किमान शिंदो निवडला की तिथे आजवर बसलेल्या हादऱ्यांची तारीखवार यादी समोर येते. घर भाड्याने घेण्यापूर्वी दलालाला प्रश्न विचारत बसण्यापेक्षा त्या यादीत ४ आणि त्यावरच्या नोंदी किती आहेत हे पाहावे, आणि मग त्या पत्त्याखालची जमीन भरावाची आहे की खडकाची, हे नगरपालिकेच्या धोका-नकाशात तपासावे.