टेन्शिओमीटर एक हंगाम वापरला, उसवाल्यांनी जरूर वाचा

वाळवा तालुका, काळं रान, ऊस ८६०३२ जातीचा, ठिबक आहे. ठिबक असूनपण मी पाणी जास्तच देत होतो, हे या टेन्शिओमीटरमुळं, म्हणजे मातीतली ओल दाखवणाऱ्या नळीमुळं कळलं. आमच्याकडं थ्री फेज लाइट कधी दिवसा कधी रात्री, म्हणून स्टार्टरला ऑटो लावलेला, लाइट आली की मोटर चालू ती लाइट जाईस्तोवर चालूच, रानाला पाणी पाहिजे का नको हे बघतंय कोण. कृष्णाकाठची किती रानं अशीच क्षारपड झाली, आमच्या चुलत्यांचं पाऊण एकर पांढरं पडलंय, तिथं गवतसुद्धा धड येत नाही, ते बघून जीव तुटतो.

वस्तू साधी आहे. नळीत पाणी, खाली सिरॅमिकचा कप, वर काटा. माती सुकली की कपातनं पाणी ओढती आणि काटा चढतो, सेंटीबारमध्ये, म्हणजे ओढ मोजायच्या मापात. मी दोन लावले, एक फूटभर खोल आणि दुसरा दोन फूट खोल. वरनं रान सुकलेलं दिसायचं आणि फुटावरचा काटा १५ वरच, म्हणजे मुळीपाशी ओल भरपूर! आता तो ४० च्या आसपास गेल्याशिवाय कॉक उघडत नाही. आणि पाणी दिल्यावर दोन फुटाचा काटापण झपकन उतरला तर समजायचं पाणी आणि त्याच्याबरोबर युरिया मुळीखाली चाललाय, पुढच्या वेळी मोटर कमी वेळ चालवायची.

आता त्रास सांगतो. दुकानदारानं नुसता डबा हातात दिला, बसवायचं कसं काही सांगितलं नाही, पहिले आठ दिवस काटा शून्यावर. नळीत हवा राहिलेली. कप रात्रभर बादलीत भिजवा, पाणी उकळून गार करून भरा, बुडबुडे काढा, आणि भोकात पातळ चिखल ओतून मग कप बसवा म्हणजे मातीला घट्ट चिकटतो.

सगळ्यात महत्त्वाचं, काळ्या रानाला भेगा पडल्या किंवा काटा ८० च्या पुढं गेला की आत हवा शिरती आणि काटा परत खाली येतो, रान कोरडं ठणठणीत आणि काटा सांगतोय ओल आहे. म्हणून रोज सकाळी नळीतलं पाणी बघायचंच. शेजारी काठीला लाल फडकं बांधा, भांगलणीत खुरपं लागून माझी एक नळी फुटली.

दोन्हींचे मिळून जळलेली मोटर भरायला (वाइंडिंगला) जातात तेवढे पैसे गेले. ५ पैकी ४ स्टार, एक कापला तो मराठीत साधं माहितीपत्रकपण नाही म्हणून.