काळ्या रानाला जिप्सी की बालाघाटाला जीप? जुनी फोर बाय फोर घेण्याआधी

महिना झाला, भाचा एकच प्रश्न घेऊन मागे लागला आहे. “मामा, जिप्सी घेऊ का महिंद्राची जुनी जीप?” मी दोन्ही वापरल्या आहेत. दोन्ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या. आधी बारा वर्षं महिंद्राची एमएम ५४० जीप, आता २००८ ची मारुती जिप्सी. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. मराठवाड्यात या प्रश्नाचं उत्तर गाडीत कमी आणि जमिनीत जास्त आहे.

आमच्या गंगाखेडला दोन्ही जमिनी हाताशी आहेत. गोदाकाठी काळंभोर रान, आणि तालुक्याच्या दक्षिणेला बालाघाटाचा मुरूम, दगड आणि चढ. एका ठिकाणी जी गाडी राज्य करते तीच दुसरीकडे दमते.

आधी काळ्या मातीचं. पहिला दमदार पाऊस झाला की ही माती फुगते आणि चाकाला धरते. दहा-पंधरा हात गाडी पुढे गेली की टायरच्या खाचा भरून जातात, मग टायर कितीही महागाचा असो, चाक लाटण्यासारखं गुळगुळीत फिरतं. पुढे मडगार्डच्या आत चिखलाचा थर बसतो आणि चाकच आवळलं जातं. अशा रानात वजन हाच शत्रू. कापडी टपाची जिप्सी जेमतेम ९८५ किलोची, जीप तिच्यापेक्षा बरीच जड. टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवून, लो गिअरमध्ये (फोर बाय फोरचा संथ पण जास्त ओढीचा गिअर), न थांबता चालवली तर जिप्सी वरच्या वर निघून जाते. माझी जीप त्याच पाणंदीत दोनदा अॅक्सलपर्यंत रुतली आणि दोन्ही वेळा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनेच बाहेर काढली.

आता बालाघाटाकडे वळा. जिप्सीचं १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन कागदावर ८० अश्वशक्तीचं आहे, पण ती शक्ती ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळते आणि सर्वाधिक टॉर्क, म्हणजे ओढीचा जोर, ४५०० ला. दगडावर चढताना एवढं इंजिन पळवायचं म्हणजे क्लच घासायचा आणि चाक उडवायचं. एमएम ५४० चं प्यूजो डिझेल २११२ सीसीचं, फक्त ६२ अश्वशक्तीचं, पण लो गिअर टाकून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी ती बैलासारखी पाऊल टाकत चढते. उतारावरही इंजिनच गाडी धरून ठेवतं. घाटातल्या दगडी वाटेवर नव्या माणसाला जीप जास्त सांभाळून घेते, हे मी खात्रीने सांगतो.

ओढ्याच्या पाण्यात दोघींचे स्वभाव वेगळे. जुन्या डिझेलला स्पार्कची गरज नाही, त्यामुळे पाण्याचे शिंतोडे उडाले म्हणून ती बंद पडत नाही. जिप्सीला स्पार्क लागतो, त्याची वायरिंग ओली झाली की ती खोकते. पण एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं तर डिझेलचं नुकसान जास्त, कनेक्टिंग रॉडच वाकतो. पाण्यात बंद पडलेल्या डिझेल गाडीचा सेल्फ पुन्हा पुन्हा मारू नका.

दुरुस्तीच्या बाबतीत जीप पुढे आहे आणि त्याचं कारण आपल्या रस्त्यांवर आहे. काळी-पिवळी म्हणून महिंद्राच्याच कमांडर आणि मार्शल इथे वर्षानुवर्षं धावल्या, त्यामुळे तालुक्याच्या प्रत्येक गावात त्यांची नस माहीत असलेला एखादा मिस्त्री सापडतो. पाटे, बुश, क्रॉस, ऑइल सील मोंढ्याजवळच्या दुकानात मिळतात. जिप्सीचं इंजिन मात्र मारुतीच्याच एस्टीम कारच्या भावकीतलं, त्यामुळे इंजिनापुरता मारुतीचा कोणताही जुना मिस्त्री चालतो. अडतं ते पुढचा अॅक्सल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांच्यापाशी. त्यासाठी मला छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं.

पुढच्या अॅक्सलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण जुनी जिप्सी घेणारे इथेच फसतात. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला अॅक्सलच्या टोकाशी एक गुळगुळीत लोखंडी गोळा असतो. स्टीअरिंग वळवलं की चाकाचं हाउसिंग त्या गोळ्यावर फिरतं आणि मधलं सील आतलं ग्रीस धरून ठेवतं. काळी माती त्या गोळ्यावर वाळली की घासकागद होते. पुढच्या वळणाला ती सील कापते, ग्रीस बाहेर आणि पाणी आत. माझ्या जिप्सीचं हेच झालं. पावसाळा संपल्यावर मिस्त्रीने नट सोडला तर आतून ग्रीसऐवजी दुधाच्या चहासारखं पातळ पाणी वाहिलं आणि बेअरिंगला गंजाचे ठिपके. आता चिखलातून आलो की त्याच संध्याकाळी, माती ओली असतानाच, पाइपाने ते गोळे धुतो. पाच मिनिटांचं काम आहे. गाडी बघायला जाल तेव्हा त्या गोळ्यावरून बोट फिरवा. ग्रीसचा पातळ तवंग असेल तर ठीक, कोरडी लाल खरखर लागली तर मालकाने कितीही फोटो दाखवू देत, तो खर्च तुमच्या अंगावर येणार.

फोर बाय फोर खरंच चालते का, हे ज्या जिप्सीला हाताने फिरवायचे हब (पुढचं चाक अॅक्सलला जोडायची-सोडायची कळ) आहेत तिच्यावर असं बघा: एक पुढचं चाक जॅकवर उचला. हब मोकळा असताना चाक एकटंच फिरलं पाहिजे. दोन्ही पुढचे हब लॉक करा, चाक फिरवा, आता खाली पुढचा प्रोपेलर शाफ्टही (ट्रान्सफर केसकडून येणारा दांडा) फिरला पाहिजे. मग गाडी गिअरमध्ये आणि फोर बाय फोरमध्ये टाका, आता चाक हललं नाही पाहिजे. या गाड्यांना मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं) नसतं, म्हणून डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून वळणं घेऊन तपासू नका. त्याने ट्रान्सफर केसवर ताण येतो.

जिथे दोन्ही गाड्यांचा छळ सारखाच होतो ती गोष्ट म्हणजे आपलं बोअरचं पाणी. रेडिएटरमध्ये ते क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं ओतलेलं असतं, नळ्या आतून पांढऱ्या होऊन बुजतात. मग मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, लो गिअरमध्ये अर्धा तास चढलं की काटा लाल. घेतल्या घेतल्या रेडिएटर साफ करून कूलंट भरा. विंच आणि दिव्यांचा विचार त्याच्यानंतर.

बदल करण्याची हौस मला कळते, पण पैशाचा क्रम चुकतो. जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५ आहे. २१५/७५ बसवला तर घेर सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, २३५/७५ बसवला तर जवळजवळ १० टक्क्यांनी. म्हणजे गिअर तेवढेच लांब झाले, आधीच कमी असलेला टॉर्क आणखी पातळ झाला, स्पीडोमीटर कमी दाखवू लागला. माझ्या मते २१५ वर थांबावं. लांब शॅकल (पाट्याच्या टोकाची जोडपट्टी) लावून गाडी स्वस्तात उचलायची फॅशन आहे. पुढून तसं केलं की कॅस्टर (गाडी सरळ धरणारा पुढच्या चाकांचा कोन) बिघडतो आणि गाडी नांदेड रस्त्यावर ऐंशीला डगमगू लागते. त्यापेक्षा दबलेले पाटे बदला, सगळे बुश नवे घाला. मूळ उंची परत आली की निम्म्या लोकांची लिफ्टची गरज संपते. जीपला तर मी आधी ब्रेक आणि स्टीअरिंगचा प्ले (ढिलेपणा) बघायला सांगेन, बाकी सगळं पुढच्या वर्षी.

कायद्याकडे काणाडोळा करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा रोख एकच आहे: कंपनीच्या मूळ रचनेत मूलभूत बदल करता येत नाही. टू व्हील ड्राइव्हची जीप फोर बाय फोर करून विकायला ठेवलेली असते, तिचं आरसी नीट वाचा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस आणि नूतनीकरण. २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५ हजार आहे, आणि २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये ते १० हजार झालं. पर्यावरण कर वेगळा. जीप बहुतेक वेळा या वरच्या गटात जाते, जिप्सी अजून काही वर्षं खालच्या गटात सापडते. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर कागद हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

महिंद्राची पहिली थार, २०१० ते २०२० ची सीआरडीई डिझेल, हा तिसरा पर्याय. १०५ अश्वशक्ती, हायवेवर माणसासारखी चालते, रोजच्या वापराला तीच बरी. पण पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, खडकात चाक जीपइतकं खाली पोचत नाही, आणि किंमत या दोघींच्या वर जाते. भाच्याच्या बजेटात ती बसत नाही, म्हणून तिथेच सोडलं.

गाडी कुठून घेता हेही बघा. कोकण-मुंबईची गाडी चकचकीत दिसते आणि फ्लोअरखाली कुजलेली असते. आपल्याकडच्या कोरड्या हवेतली, रंग उडालेली गाडी त्याहून शंभर पटीने बरी. सोबत छोटं लोहचुंबक ठेवा. मागच्या चाकाच्या कमानीवर ते चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

भाच्याचं शेत गोदाकाठी आहे, पण तो रविवारी सगळा वेळ डोंगरातच काढतो, आणि गॅरेज घरापासून चार पावलांवर. त्याला मी जीप घ्यायला सांगितलं आहे. पावसाळ्याचे दोन महिने ती शेताच्या अलीकडे सडकेवर लावायची आणि पुढे पायी जायचं, हे त्याने कबूल केलं तेव्हाच. येत्या शनिवारी परळीला एक बघायला जातोय, जॅक आणि चुंबक त्याने आजच डिकीत टाकलं.